सातबाऱ्यात न मावलेला सडा

दशलक्षण पर्व आटोपले, क्षमावणी झाली आणि त्याच्या पुढच्याच आठवड्यात आम्ही तिघे रत्नागिरीला निघालो: मी, सौ. आणि गोरेगावला राहणारी आमची कन्या. प्रयोजन फार मोठे नव्हते. कन्येला कोकणातले सडे पाहायचे होते आणि तेही फुलांच्या दिवसांत. समुद्र, हापूस आणि लोकमान्यांचे जन्मस्थान यांखेरीज रत्नागिरीत आणखी काही पाहण्यासारखे असते, हे आम्हा घाटावरच्या माणसांना उशिराच समजते. मला तर फारच उशिरा समजले. आणि त्याचे कारण सांगितल्यावाचून हा प्रवास सांगता येणार नाही.

मी महसूल खात्यात ३१ वर्षे नोकरी केली. त्यांतली पहिली बरीच वर्षे तलाठी म्हणून गेली. शेतजमिनीच्या सातबाऱ्यावर लागवडीच्या क्षेत्राखाली एक लहानशी ओळ असते: पोटखराब. खडक, ओघळ, नाल्याचा काठ, मुरमाड उंचवटा, जे जे पिकाखाली येत नाही आणि म्हणून ज्यावर आकारणी नाही, ते सारे त्या ओळीत जाऊन बसते. उतारे हाताने लिहिण्याच्या त्या काळात एका कागदावरचा तो आकडा दुसऱ्या कागदावर मी किती वेळा उतरवला असेल, याची गणती नाही. त्यांपैकी प्रत्यक्ष जाऊन पाहिलेल्या जागा मात्र हाताच्या बोटांवर मोजता येतील. पाहण्यासारखे तिथे काही नाही, हे कागदच सांगत होता आणि तो कागद मीच लिहीत होतो.

आंबा घाटाच्या माथ्यावर चहासाठी थांबलो असता धाकट्या भावाचा फोन आला. हातकणंगले तालुक्यातल्या आमच्या वडिलार्जित जमिनीत चौदा गुंठ्यांचा एक माळाचा तुकडा आहे. दगडगोटे, बाभळी, बोरी आणि मधून जाणारी पावसाळी ओघळ. तो जेसीबी लावून सपाट करावा आणि पुढच्या हंगामात उसाखाली आणावा, असा त्याचा मनोदय. "अण्णा, उताऱ्यावर तुमचंबी नाव हाय. तुमी एकदा हो म्हणा, म्हंजे गाडीवाल्याला सांगतो." चार दिवसांनी परत आलो की बोलू, असे सांगून मी फोन ठेवला. त्या वेळी मनात नकार नव्हता, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. चौदा गुंठे ऊस म्हणजे काही कमी नव्हे.

साखरपा, नाणीज, पाली, हातखंबा असे करीत तिन्हीसांजेला रत्नागिरीत पोहोचलो. आमचे यजमान तेथील एका शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. कांदा-लसूण आम्हास वर्ज्य, हे त्यांच्या सौभाग्यवतींना अगोदर कळवले होते. त्यांनी कुळथाचे पिठले, तांदळाची भाकरी आणि लसणीवाचूनची सोलकढी असा बेत केला आणि त्यात काही कमी आहे असे एकदाही भासू दिले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी आम्हांला शहराबाहेरच्या सड्यावर घेऊन गेले. घाटावर सडा म्हणजे अंगणात शिंपडलेले शेणाचे पाणी. कोकणात सडा म्हणजे डोंगराचा सपाट माथा, जांभ्या दगडाचा, कित्येक ठिकाणी मैलोन्‌मैल पसरलेला. एप्रिल-मे महिन्यांत हाच सडा डांबर ओतल्यासारखा काळाभोर आणि निर्जीव दिसतो. त्या दिवसांत मोटारीतून जाणाऱ्याने त्याला ओसाड म्हटले तर त्याला दोष देता येत नाही. परंतु पावसाळ्यात कातळाच्या खळग्यांत पाणी साचते, भेगांमध्ये बोटभर माती धरते आणि त्या बोटभर मातीवर एक संपूर्ण सृष्टी उभी राहते.

गुरुजींनी नावे सांगायला सुरुवात केली. पांढऱ्या गुंड्यांसारखा दिसणारा तो गेंद. पिवळ्या फुलांचा कवला. तेरड्याचे गुलाबी पट्टे. पाणथळ जागी जांभळटनिळ्या इवल्या फुलांची सीतेची आसवे. नाव इतके करुण, पण वनस्पती कीटकभक्षी. सूक्ष्म पिशव्यांत ती जीव अडकवते. तिच्या शेजारी दवबिंदू, पानांवरच्या चिकट केसांनी चिलटे धरणारा. मातीत नत्र नाही, म्हणून या झाडांनी हा मार्ग धरला. सौ. ना हे ऐकून अंमळ वाईट वाटले. वनस्पतीला एकेंद्रिय जीव मानून तिच्याबद्दल करुणा बाळगण्याची आम्हांला सवय. वनस्पतीनेच हिंसा करावी, ही कल्पना त्यांच्या पचनी पडेना. मग जून महिन्यात पहिल्या पावसांनंतर इथे फुलणाऱ्या दिपकाडीविषयी गुरुजी बोलले. कांद्याच्या जातीची, पांढऱ्या फुलांची ही वनस्पती दक्षिण कोकणातल्या अशा सड्यांखेरीज जगात फारशी कुठेच आढळत नाही. आम्हांला ती अर्थातच दिसली नाही. तिचा कांदा आमच्या पायांखाली कातळाच्या भेगेत निजलेला होता.

त्यानंतर चालणे अवघड झाले. सौ. ईर्यासमिती पाळावी तशा उघड्या दगडावर दगड शोधीत चालू लागल्या आणि त्यांच्यामागोमाग आम्हीही.

उताराला लागल्यावर गुरुजींनी एक झरा दाखवला. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तरी मे महिन्यात वाड्यावाड्यांतून पाण्याची ओरड असते. जांभा सच्छिद्र. सड्यावर पडलेले पाणी तो हळूहळू आत घेतो आणि उताराच्या कुशीत झऱ्यांच्या रूपाने सोडतो. वाड्या वसल्या त्या झऱ्यांच्या आसपास, माडा-पोफळीच्या बागा वाढल्या त्या त्यांच्याखाली. म्हणजे वर जो भाग कागदोपत्री निरुपयोगी, तोच खालच्या गावाची टाकी. पण टाकीचे झाकण कोणाच्या नावावर आहे आणि त्याचे काय करावयाचे, हे ठरविताना खालच्या विहिरीला कोणी विचारीत नाही. शहरालगतच्या सड्यांवर आता इमारती चढत आहेत; कुठे चिरेखाणी आहेत, कुठे सुरुंग लावून आणि माती आणून कलमांच्या बागा केल्या आहेत. हापूस आपण सर्वच आवडीने खातो. सड्याचा नाश केवळ परक्या कारखानदाराने केला, असे म्हणणे सोयीचे आहे. खरे मात्र नाही.

दुपारी उक्षीला गेलो. कोकण रेल्वेवरचे हे लहानसे स्थानक. गावाच्या सड्यावर कातळात कोरलेला एक हत्ती आहे; काही मीटर लांबीचा, एका सलग रेषेत उतरलेला. कोकणातील या कातळशिल्पांचा शोध घेण्याचे काम गेल्या दशकात मुख्यतः रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी केले. हे कोणी सरकारी अधिकारी नव्हेत. आपापला व्यवसाय सांभाळून सुट्टीच्या दिवशी सडे तुडविणारी माणसे. गुराख्यांना विचारावे, म्हाताऱ्यांना विचारावे, गवत वाळल्यावर जाऊन पाहावे आणि झाडूने माती दूर करावी, अशी त्यांची रीत. आज रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील अशा शिल्पांची संख्या दीड हजारांच्या पुढे गेली आहे. त्यांत हत्ती, वाघ, मासे, कासवे आहेतच. पण आज कोकणात कुठेही नसलेला गेंडा आणि भारतातच नसलेला पाणघोडाही आहे. अभ्यासक त्यांचा काळ अश्मयुगाच्या उत्तरार्धापर्यंत मागे नेतात.

उक्षीच्या ग्रामस्थांनी हत्तीभोवती चिऱ्यांचा कठडा बांधला. शिल्प जपण्यासाठी गावानेच पुढाकार घेतल्याचे जे पहिले दाखले आहेत, त्यांपैकी हा एक. कठड्याशी उभा राहून मी खाली पाहत होतो. पावसाने रेषांत पाणी भरले होते आणि त्या पाण्यात ढग दिसत होते. माझ्या मनात विचार आला तो मात्र तलाठ्याचाच: या गटाच्या उताऱ्यावर काय लिहिले असेल? कोकणात भातजमीन वेगळी, डोंगरउताराची नाचणी-वरीची जमीन ती वरकस, आणि उरलेला कातळ तो बहुधा पोटखराब. हत्तीसाठी रकाना कोणत्याच नमुन्यात नाही.

रात्री जेवणानंतर पडवीत बसलो होतो. बाहेर पावसाची एक सर येऊन गेली. हा रकान्याचा विचार मी सहज बोलून दाखवला, तेव्हा कन्या म्हणाली, "बाबा, आरेचं भांडण दुसरं कशावरून होतं?"

तिने तोवर आम्हांला कधीच सविस्तर सांगितले नव्हते. ४ ऑक्टोबर २०१९, शुक्रवार. मुंबई मेट्रोच्या तिसऱ्या मार्गिकेचे वाहनतळ आरे वसाहतीत बांधण्यास विरोध करणाऱ्या याचिका त्या दिवशी उच्च न्यायालयाने फेटाळल्या आणि त्याच रात्री विजेच्या उजेडात झाडे तोडण्यास प्रारंभ झाला. ती आणि तिच्या सोसायटीतल्या काही मैत्रिणी निरोप मिळताच तिकडे गेल्या. कुंपणापलीकडून यंत्रकरवतीचा आवाज तेवढा ऐकू येत होता. दुसऱ्या दिवशी जमावबंदी लागू झाली, २९ जणांना अटक झाली. विधी शाखेच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिले, त्याचीच याचिका करून घेऊन सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला तोड थांबविली. तोवर २,१४१ झाडे पडली होती.

"आणि ते म्हणत होते, हे जंगल नाहीच," ती म्हणाली.

कागदाच्या बाजूने पाहता ते खोटे नव्हते. आरे ही १९४९ साली वसविलेली दुग्धवसाहत. सुमारे १,३०० हेक्टर, त्यात गोठे, कुरणे, वारली पाडे आणि शेजारच्या राष्ट्रीय उद्यानातून ये-जा करणारे बिबटे. नोंद दुग्धविकासाची. बिबट्याने ती नोंद वाचलेली नव्हती, इतकेच. वास्तविक १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले होते की 'वन' या शब्दाचा अर्थ कोशात जो असेल तो घ्यावा, मालकी आणि नोंद कोणाचीही असो. महसुलाच्या माणसाने हा निकाल समजून घेतला तर त्याची झोप उडावी, असा तो आहे. शब्दाचा अर्थ दप्तरातून काढून कोशाकडे, म्हणजे सर्वसामान्य बोलणाऱ्या माणसाकडे, सोपविणारा. आरेच्या बाबतीत मात्र ते वन आहे की नाही, याचाच काथ्याकूट शेवटपर्यंत चालला.

पुढचा इतिहास वाचकांस ठाऊक असेल. सरकार बदलले, वाहनतळाचे काम स्थगित झाले, २०२० साली ते कांजूरमार्गला हलविण्याचे ठरले आणि आरेची सुमारे ८०० एकर जमीन राखीव वन म्हणून घोषित करण्याचा निर्णय झाला. पुन्हा सरकार बदलले आणि जुलै २०२२ मध्ये वाहनतळ परत आरेत आले. एप्रिल २०२३ मध्ये मेट्रो महामंडळाला ८४ झाडांची अनुमती असताना १७७ झाडांसाठी प्राधिकरणाकडे गेल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने दहा लाखांचा भुर्दंड दिला. झाडे मात्र तोडू दिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या मार्गिकेचा पहिला टप्पा सुरू झाला. कन्या आता त्याच मेट्रोने कचेरीत जाते. ती सोयीची आहे, असेही ती म्हणाली, आणि थोडा वेळ कोणी काही बोलले नाही. "पण आठशे एकरांवर आता वन असं लिहिलंय ना," गुरुजी शेवटी म्हणाले. "तेवढं लिहायला माणसं तुरुंगात गेली."

तिसऱ्या दिवशी भाट्ये पुलावरून दक्षिणेकडे निघालो. पावस, पूर्णगडची खाडी, गावखडीचे सुरूचे बन आणि मग कशेळी. कशेळीच्या सड्यावरील हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे. जवळ उभे राहून तो दिसतच नाही, रेषा दिसतात. त्याच्या पोटात अनेक लहान प्राणी कोरलेले आहेत. ज्याने तो कोरला त्यालाही तो सबंध कधी दिसला असेल का, या प्रश्नावर आम्ही बराच वेळ घालविला आणि उत्तर न मिळताच आडिवऱ्यामार्गे राजापूरकडे वळलो.

राजापूर तालुक्याचे नाव गेली काही वर्षे वर्तमानपत्रांतून सतत येते. २०१७ साली तीन सरकारी तेलकंपन्यांनी मिळून वर्षाला सहा कोटी टन क्षमतेचा तेलशुद्धीकरण प्रकल्प नाणार परिसरात आणण्याचे ठरविले. पुढे दोन परदेशी कंपन्याही त्यात आल्या. ग्रामस्थांनी विरोध केला आणि मार्च २०१९ मध्ये नाणारचा प्रकल्प रद्द झाल्याचे जाहीर झाले. नंतर त्याच तालुक्यातील बारसू-सोलगावचे नाव पुढे आले. तिथे तर सडाच आहे, शेती नाही, वस्ती नाही, असा युक्तिवाद होता. एप्रिल २०२३ च्या अखेरीस मोठ्या पोलीस बंदोबस्तात जमिनीला छिद्रे पाडून माती-परीक्षण सुरू झाले. भर उन्हाळ्यात बायाबापड्या रस्त्यावर गाड्यांपुढे आडव्या झोपल्या. अनेकांना ताब्यात घेण्यात आले. सड्यावर अश्रुधूर सोडल्याच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या.

योगायोग असा की त्याच बारसूचे नाव दुसऱ्या एका कागदावरही होते. २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य सूचीत कोकणातील कातळशिल्पे समाविष्ट झाली. रत्नागिरीतील सात, सिंधुदुर्गातील कुडोपी आणि गोव्यातील फणसाईमाळ अशी ती नऊ स्थळे. त्यांत कशेळी आहे, उक्षी आहे आणि बारसूही आहे. दोन्ही बाजूंना वाघ आणि मध्ये उभा मनुष्य, अशी तिथली आकृती. एका कागदावर कारखान्यास योग्य असा रिकामा कातळ, दुसऱ्यावर मनुष्यजातीचा ठेवा. आणि दोन्ही कागद सरकारीच. खात्यात इतकी वर्षे काढल्यामुळे याचे मला आश्चर्य वाटले नाही. एका टेबलावरचा कागद दुसऱ्या टेबलाला माहीत नसतो.

बारसूच्या वाटेवर एका टपरीवर चहा घेतला. टपरी चालविणाऱ्या गृहस्थांशी गुरुजींनी सहज विषय काढला. त्यांचे म्हणणे सरळ होते. त्यांचे दोन्ही मुलगे मुंबईत, एक रिक्षा चालवतो, दुसरा कुरिअरचे काम करतो. घर वर्षातून दोनदा उघडते, गणपतीला आणि शिमग्याला. कारखाना आला असता तर निदान एक जण गावात राहिला असता. "सड्यावरची फुला बघून पोट भरता काय, ता सांगा," असे ते म्हणाले. माझ्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही. विरोध करणाऱ्या गावातही अनुकूल माणसे असतात. त्यांची गरज खोटी नसते. ज्यांच्या बागा आणि होड्या आहेत त्यांना गमावण्याचे भय आहे, ज्यांच्यापाशी ते नाही त्यांना मिळविण्याची आशा आहे.

पुढे सड्याजवळच्या एका घरी पाणी प्यायला थांबलो. तिथल्या आजींनी आम्हांस ओटीवर बसवले, गुळाचा खडा दिला. त्या आंदोलनात होत्या. सौ. नी विचारले, "मावशी, भीती नाही वाटली?" त्या हसल्या. भीती वाटली, पण पायाला चटके बसत होते, त्यापुढे भीती आठवली नाही, असे काहीसे त्या म्हणाल्या. त्यांनी मला विचारले, तुम्ही सरकारात होता ना, मग एवढे सांगा, सड्यावर आमची गुरे चरतात, पाणी तिथून येते, देवाची वाट तिथून जाते, तरी तिथे काही नाही असे कोणी लिहिले? मी तिकडे नोकरी केलेली नाही, तो कागद माझा नव्हता. तरीही चार दिवसांपूर्वी क्षमावणीला समस्त जीवांची क्षमा मागताना उच्चारलेले शब्द त्या ओटीवर मला आठवले, आणि तेव्हा ते किती सहज उच्चारले होते तेही आठवले.

हे लिहीत असताना त्या सड्यावर कारखाना उभा राहिलेला नाही. प्रश्न मिटला आहे, असे मात्र तेथील कोणी म्हणत नाही.

परतीच्या दिवशी हातखंब्याहून नेहमीची वाट न धरता संगमेश्वर-देवरूखमार्गे साखरप्याला यायचे ठरले, कारण गुरुजींना आम्हांला एक देवराई दाखवायची होती. काल-परवाच्या उघड्या कातळानंतर तिथे पाऊल टाकले आणि डोळ्यांना एकदम अंधारी आली. किंजळ, सातवीण, बेहडा. मांडीएवढ्या जाड गारंबीच्या वेली एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेल्या. मध्ये कौलारू देऊळ, मागे पाण्याचे लहानसे कुंड. इथली वाळकी काटकीही घरी न्यायची नाही, असा गावाचा दंडक. अगदीच गरज पडली तर देवाला कौल लावायचा. देवाने उजवा दिला तरच कुऱ्हाड. कित्येक शतके जंगल राखण्याचा अधिकार इथे एका अदृश्य राखणदाराकडे होता, आणि त्याच्या निकालावर अपील नव्हते. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास केला, तेव्हापासून ही गोष्ट शास्त्रज्ञांनीही मान्य केली आहे. संगमेश्वर तालुक्यात एक संस्था गावकऱ्यांशी करार करून अशी राने राखते; बेहड्याचे जुने वृक्ष तोडण्याऐवजी त्यांची फळे विकून पैसे मिळावेत, अशी व्यवस्था तिने लावली आहे. त्याच बेहड्याच्या ढोलीत धनेश पक्षी अंडी घालतो.

देवळातल्या काही चालीरीती आमच्या मनाला पटणाऱ्या नाहीत. जत्रेच्या दिवशी तिथे काय होते, हे सौ. नी विचारले नाही आणि गुरुजींनी सांगितले नाही. परंतु ज्या दैवताला एका जीवाचा नैवेद्य लागतो, त्याच्याच धाकाने लक्षावधी जीव तिथे पिढ्यान्‌पिढ्या निर्धास्त राहिले, हेही डोळ्यांआड करता येईना. हा गुंता मी वाचकांपुढे तसाच ठेवतो.

डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील 'ओरण', म्हणजे तिकडच्या देवराया, मोजून त्यांची वन म्हणून नोंद करण्यास सांगितले, आणि देशभरच्या देवरायांची पाहणी करण्याचेही केंद्र सरकारला सुचविले. गुरुजींना ही बातमी ठाऊक होती. त्यांचे म्हणणे असे की मोजणीसाठी येणारा माणूस रानाच्या आत येतो की रस्त्यावरूनच आकडा लिहितो, यावर सारे आहे. ते हे सहज बोलले; माझी नोकरी त्यांच्या मनात नसावी.

घरी पोहोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी भावाबरोबर माळावर गेलो. किती वर्षांनी गेलो, ते आठवेना. सोबत ताजा उतारा घेतला होता: पोटखराब, वर्ग अ, ०.१४ हेक्टर. ओघळीत अजून ओल होती. बोरींना बारीक हिरवी फळे धरली होती. दगडांच्या आडोशाला गवतात एक लहानसे घरटे होते, रिकामे. चंडोलाचे असावे, असे कन्येने फोटो पाहून फोनवर सांगितले. ओघळीच्या खालच्या अंगाला आमची विहीर आहे. ओघळ बुजवली तर विहिरीचे काय होईल, असे मी भावाला विचारले. तो म्हणाला, ह्याचा इचार केला न्हवता अण्णा, पर गाडीवाल्याला इसार देऊन बसलोय.

आम्ही दोघे बाभळीखाली बराच वेळ उभे राहिलो. त्याने उसाचा हिशेब मांडला, तो चुकीचा नव्हता. त्याच्या मुलाच्या शिक्षणाचा खर्च त्यात होता आणि त्या खर्चातला माझा वाटा मी उचलावा, हे मी तिथेच कबूल केले. गाडीवाल्याला दिवाळीनंतर बघू म्हणून सांगतो, असे तो शेवटी म्हणाला. उतारा घडी करून मी खिशात ठेवला. त्यापुढचे अद्याप ठरलेले नाही.